गाणं संपलं की अंगठी

माझ्या मुलीच्या साक्षगंधात मी होणाऱ्या ईवायांचे (म्हणजे व्याह्यांचे) पाय धरले. फोटो आहे. अल्बमच्या पहिल्याच पानावर आहे. त्यामागची हकीकत सांगतो, म्हणजे निदान तुमचा तरी गैरसमज दूर होईल. (घरच्यांचा होणार नाही. त्यांना तो आवडतो.)

दोष एका गाण्याचा. अमरावतीला कॉलेजात असताना होस्टेलमधल्या मित्राने मला एक कॅसेट भरून दिली होती. कुठल्याशा परदेशातलं रॉक, पण अगदी खेड्यातलं. सुरुवातीला गुराख्याने वावराच्या धुऱ्यावर बसून वाजवावी तशी बासरी. मग बायांनी शेत निंदताना म्हणावं तसं संथ गाणं. आपण जरा सैलावून बसलो की इलेक्ट्रिक गिटार अंगावर येते, दावं तोडलेल्या गोऱ्ह्यासारखी! ठेकाही सरळ नाही, सात मात्रांचा. पाय टाकावा तर पायरीच नसते. त्यातला एक शब्द मला आजतागायत कळलेला नाही. पण ते ऐकताना आपल्याच वावरातून चालता चालता दुसऱ्याच कोणाच्या गावात पोचल्यासारखं वाटतं, आणि तिथलीही माणसं ओळखीची निघतात.

हे मी तीस वर्षं घरात सांगत होतो. ऐकत कोणी नव्हतं.

"गाणं आहे का मिक्सरमदे खडे पडले?" असं माझी बायको सुनंदा विचारायची. मुलगी पल्लवी दुसऱ्या मिनिटाला खोलीतून उठायची. माझी इच्छा एवढीच होती, की या खानदानातल्या एका तरी माणसाने ते गाणं एकदा बसून ऐकावं.

पल्लवीचं साक्षगंध अकोल्याला ठरलं. मुलाकडचे बार्शीटाकळीचे. मुलगा अनिकेत गरीब स्वभावाचा. त्याचे वडील मात्र कडक. घरची शेती, आणि गावच्या खंजेरी भजनमंडळाचे म्होरके. त्यांना हसताना पाहिलेला माणूस अजून मिळायचा होता.

"पल्लवी, अंगठीच्या टायमाले माझं गाणं लावू."

"बाबा, लोकं जेवाले येऊन राहिले, झोपाले नाही."

"अवं, शेवट तर आयक! बासरी हळूहळू विरत जाते. एकदम शांत! त्या शांततेत अंगठी. काय दिसन ते!"

"शेवट पक्का मालूम आहे ना?"

"तीस वर्षं आयकून राहिलो मी!"

पोरगी विरघळली. कॅसेट गेल्याच वर्षी तुटली होती, म्हणून तिने गाणं शोधून आपल्या मोबाईलवर घेतलं. माझा मेहुणा मधुकर याच्या हाती माईक होता. (तो एकदा त्याच्या हाती गेला की हॉल रिकामा होईपर्यंत परत मिळत नाही.) त्याने जाहीर केलं, "गाणं संपलं की अंगठी, अंगठी घातली की फुलं, फुलं टाकली की पंगत!"

गाणं लागलं. अकराव्या मिनिटाला बासरी विरली. शांतता. मी हात उंच करून खूण केली. अनिकेतने अंगठी पुढे केली, लोकांनी घाईने फुलं उधळली, साउंडवाला 'झालं बाप्पा' म्हणून जेवायला पळाला.

आणि ढाण्ण! गिटार, ढोल, झांजा, सगळं एकदम!

अनिकेत दचकला. अंगठी त्याच्या हातून उडाली, स्टेजच्या काठावर एकदा टुणकन वाजली आणि खाली दिसेनाशी झाली.

"बाबा! हे काय आहे?"

"थांब, थांब. संपतेच आता."

दोन मिनिटांनी संपलंही. शांतता. मागच्या रांगांना अंगठी हरवल्याचा पत्ताच नव्हता. त्यांनी उरलेली फुलं टाकली. पुन्हा ढाण्ण! आता खाली घोटाभर पाकळ्या आणि त्यात कुठेतरी अंगठी. अनिकेतची आत्या शेजारणीच्या कानात (पण हॉलभर ऐकू जाईल असं) म्हणाली, "साक्षगंधात अंगठी हरपणं चांगलं नाही वो बाई!" चार बायकांनी माना हलवल्या. शकुन-अपशकुन मी मानत नाही, पण मुलाकडच्या बायका मानतात की नाही, हे मी कधी विचारलं नव्हतं.

"बंद करा ना वो ते गाणं!" सुनंदा दात आवळून म्हणाली.

"मोबाईल पल्लवीच्या बोटानंच उघडते."

"मंग पल्लवी कुठी आहे?"

पल्लवी अंगठी शोधत शालूसकट स्टेजवरच्या सोफ्याखाली शिरली होती. फक्त पाय दिसत होते. मधुकरने शौर्याने एक वायर उपटली. कूलर बंद पडले. गाणं चालूच. तिसऱ्यांदा शांतता झाली. "गाणं संपलेलं आहे!" मधुकर ओरडला. ढाण्ण! "गाणं संपलेलं नाही! पाहुण्यांनी जिलबी खाली ठेवावी!"

मी मुलाच्या वडिलांकडे बघायला भीत होतो. शेवटी बघितलं.

पहिल्या रांगेत, खुर्चीत ताठ बसून, त्यांनी डोळे मिटले होते. मान डोलत होती. बोटं मांडीवर पडत होती, तीन-दोन-दोन, तीन-दोन-दोन. बरोब्बर सात! आणि त्यांच्या उजव्या चपलेखालून काहीतरी पिवळं चमकत होतं.

तीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझं गाणं डोळे मिटून ऐकत होतं, आणि नेमका त्याचाच पाय मला उचलायचा होता! मी अख्खी दोन आवर्तनं थांबलो. मग आत्याबाईंनी "अपशकुन" असा पूर्ण शब्द उच्चारला, आणि मी पाकळ्यांत गुडघे टेकले. ईवायांना कळू नये इतक्या हलक्या हाताने त्यांचा पाय दोन्ही हातांनी धरला.

"मुलीचे वडील ईवायांच्या पाया पडून राहिले!" मधुकरने माईकवर जाहीर केलं. "फोटो घ्या!"

फोटोवाल्याने घेतला. ईवाई ताडकन उठले.

"अरे, अरे! उठा साहेब! पाया काहून पडता? पोरगी आमाले पसंत हाये!"

पाय उचलला गेला. अंगठी माझ्या मुठीत आली. तेवढ्यात मधुकरने दुसरी वायर उपटली आणि हॉलची लाईटच गेली. शांतता झाली. या वेळी मात्र कोणीच विश्वास ठेवला नाही. दोनशे माणसं श्वास रोखून पुढच्या 'ढाण्ण'ची वाट बघत राहिली, आणि त्यातच अनिकेतने अंगठी घातली. टाकायला एकाच्याही हातात फूल उरलं नव्हतं.

"बंद काहून केलं?" ईवाई मला म्हणाले. "आत्ता कुठं रंगात येऊन राहिलं होतं."

परतताना गाडीत, मूर्तिजापूरजवळ पल्लवी म्हणाली, "बाबा, तीस वर्षं आयकून राहिले ना तुमी?"

सांगावंच लागलं. मित्राने भरून दिलेल्या कॅसेटची ती बाजू या गाण्याच्या अकराव्या मिनिटालाच संपायची. बासरी विरायची, मग टेपरेकॉर्डरचं बटण उडायचं, टक्! तोच शेवट असं मी धरून चाललो होतो.

पुढच्या महिन्यात ईवाई खास अमरावतीला आमच्या घरी आले. "पूरं आयकाचं हाये," म्हणाले. आम्ही दोघं समोरासमोर बसून पूर्ण एकोणीस मिनिटं ऐकलं. संपल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "वा!"

मीही म्हणालो, "वा!"

खरं सांगू? शेवट मला आवडला नाही. 'टक्' जास्त चांगलं होतं. पण हे आता या खानदानात कोणाला सांगणार!