मानेला लावलेलं तेल

नववीत शाळा सोडून परभणीकडून चाकणला आलो आणि कंपनीत ठेक्यावर लागलो. काळेवाडीत खोली दिली ती एका गॅरेजवाल्या चाचांनी. ओळख ना पाळख, तरी किल्ली हातात ठेवली. ते उपकार कसे फेडायचे, मला अजून कळत नाही.

चाचांच्या गच्चीवर कबुतरं होती. शिफ्ट सुटली की मी तिथंच. जोडी लावायची असली की चाचा नर-मादी एका पेटीत ठेवायचे, मधे जाळी. नर गळा फुगवून घुमायचा, शेपटी घासत गोल गोल फिरायचा. मादी पाठ करून दाणे टिपत राहायची. असे आठ-आठ दिवस. एखाद्या सकाळी ती आपणहून जाळीशी यायची, तेव्हा कुठं चाचा जाळी काढायचे.

"बाजारात मानेला तेल चोळून विकतात, चमक दिसावी म्हणून," ते सांगायचे. "गिऱ्हाईक फसतं, बेटा. मादी नाही फसत."

त्याच दिवसांत मला गावाकडचं स्थळ आलं. मुलीवाल्यांनी फोटो मागितला. ठेक्यावाल्यांचा शर्ट निळा, पर्मनंटचा राखाडी; हे आता गावाकडंही सगळ्यांना माहीत झालंय. मी मित्राचा राखाडी शर्ट चढवला आणि फोटो पाठवला.

पसंती आली. रोज फोन सुरू झाले. ती फार बोलायची नाही. "जेवलात का?" एवढं मात्र रोज विचारायची. इथं दुसरं कुणी मला ते विचारत नव्हतं. आज सांगू, उद्या सांगू, असं करत महिना गेला. मग तिच्या मामेभावानं मला कंपनीच्या गेटवर पाहिलं.

फोन तिनंच केला. मी गच्चीवर होतो. "तुमचा शर्ट निळा आहे म्हणे."

"हो."

"मग तो कुणाचा होता?"

"मित्राचा."

तिच्या मागं कुकरची शिट्टी झाली. कुणीतरी गॅस बारीक केला.

"माझे वडील हमाली करतात," ती म्हणाली. "निळ्या शर्टालाही मी हो म्हटलं असतं. पण आता तुम्ही जेवलो म्हणालात, तरी मला वाटणार, खरंच जेवले असतील का?"

तिनं फोन ठेवला.

चाचा दाण्याचा डबा घेऊन वर आले. माझ्या तोंडाकडं बघत म्हणाले, "सगळं ठीक ना, बेटा?"

"हो चाचा," मी म्हणालो. "एकदम ठीक."