सटवाअप्पांची ठकठक

सटवाअप्पांना मी आधी ऐकलं, मग पाहिलं. केजच्या बसस्टँडसमोर चहा पीत उभा होतो. सकाळचे सात वाजले असतील, कार्तिक अखेरची थंडी, बोलायला तोंड उघडलं की वाफ. रस्त्याच्या कडेला एक जुनी पिकअप चालू करून ठेवलेली, मागचा हौदा ताडपत्रीनं चहूबाजूंनी आवळून बांधलेला, आणि आतून कुणीतरी केबिनच्या पत्र्यावर ठोकत होतं. ठक, ठक, ठक. जरा थांबून पुन्हा ठक, ठक, ठक. बाहेर चार माणसं हाताची घडी घालून गप उभी. मला वाटलं, आत एखादं जनावर कोंडलंय. पाव तासानं दोर सोडले तर घोंगडी पांघरलेला सत्तरीचा म्हातारा खाली उतरला. डोळे लालभडक. खोकला आवरून तो एवढंच म्हणाला, "घिऊ नका. धूर हाय."

चहावाल्यानं सांगितलं, हे सटवाअप्पा. पूर्वीचे ड्रायव्हर. कुणाला जुनी पिकअप घ्यायची असली की लोक त्यांना बघायला नेतात. पैशाला हात लावत नाहीत, चहा चालतो. एक अट मात्र आहे. ज्या गाडीत बायकापोरं बसणार, तीच गाडी ते बघतात. भाजीची, सिमेंटची गाडी असली की म्हणायचे, "कांदं मरत न्हाईत. दुसऱ्याला ईचारा."

मला नेमकी घरच्यासाठीच गाडी हवी होती. मी प्राथमिक शाळेत गुरुजी, पण आमचं घर मेंढरांचं. थोरला भाऊ दर थंडीत कळप घेऊन गंगथडीला, म्हणजे खाली गोदावरीच्या काठाला उतरतो. मागून आई, वहिनी, त्यांच्या दोन पोरी आणि चालता न येणारी कोकरं असा सगळा बिऱ्हाडाचा डोलारा न्यावा लागतो. आदल्या वर्षी उघड्या टमटममधून जाताना धाकट्या पोरीला, चिंगीला, गारठा बाधला. न्यूमोनिया झाला. अंबाजोगाईच्या दवाखान्यात अकरा दिवस तिच्या छातीची घरघर ऐकत बसलो होतो. तेव्हाच ठरवलं, पुढच्या थंडीत पोरीला वारा लागू द्यायचा नाही.

पहिली गाडी वडवणीला बघितली. काय चकाचक होती! नवा रंग, नवी सीट, आरशाला गोंडा. मी तर मनातल्या मनात तिला हळदकुंकूही लावून बसलो. अप्पांनी आरशाकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ जाऊन बॉनेटवर पंजा ठेवला, देवळात पायरीला लावावा तसा, आणि डोळे मिटले. मग मालकाला विचारलं, गाडी कधी चालू केली होती? तो म्हणाला, काल संध्याकाळपासून हातच लावला नाही. मग बॉनेट कोमट कसं? उन्हानं असेल, म्हणाला. ऊन अजून निघायचं होतं. अप्पा माझ्याकडे वळले. "गार इंजन खोटं बोलत न्हाई, गुर्जी. म्हनून लोक त्याला आदी गरम करत्यात." आम्ही चहासुद्धा न घेता निघालो.

अशा पाच गाड्या नापास झाल्या. मी वैतागलो होतो. अप्पा गाडीकडे ड्रायव्हरच्या बाजूनं कधी बघतच नसत. स्टिअरिंग कसं आहे, गिअर कसे पडतात, हे तुमचं तुम्ही बघा म्हणायचे. त्यांची जागा मागं. "फुडं बसनारा गाडी हाकतो. संसार मागं बसतोय." असं म्हणून ते ताडपत्री बांधायला लावत आणि आत आडवे होत. म्हातारा घाबरत नव्हता, उलट घरी चालल्यासारखा जायचा. कधी कधी आतून पुटपुटणं ऐकू यायचं. कुणाशी तरी बोलत असल्यासारखं, मध्ये उत्तराला जागा ठेवून.

सहावी गाडी केजजवळच्या एका वस्तीवर होती. दिसायला भंगार. इंजिन मात्र गार आणि पहिल्या चावीला चालू झालं. अप्पांनी मला जवळ बोलावलं. मी ठोकत राहीन, म्हणाले. ठोकायचं थांबलं की ताडपत्री उघडायची, दुसरं काही करायचं नाही. मी मान डोलावली. ठक, ठक, ठक सुरू झालं. एवढ्यात मुख्याध्यापकांचा फोन आला. कसलीशी माहिती त्यांना आत्ताच्या आत्ता हवी होती. मी बोलत बोलत बांधापर्यंत गेलो. परत आलो तेव्हा गाडीचा आवाज तेवढा होता. ठकठक नव्हती.

माझ्या हाताला गाठ सुटेना. शेवटी दातानं दोर ओढला. आत अप्पा उताणे पडलेले, डोळे उघडे, ताडपत्रीकडे लागलेले. मी ओरडलो तशी त्यांनी मान वळवली. "लई येळचा थांबलोय, गुर्जी. गाडी पास हाय. तुमी न्हाई."

त्या दिवशी परत येताना त्यांनी आपणहून सांगितलं, माझ्याकडे न बघता. चाळीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. अशाच थंडीत ते बायकोला आणि दोन लेकरांना माहेराहून आणत होते, मालकाच्या टेम्पोतून. लेकरं काकडू नयेत म्हणून ताडपत्री त्यांनी स्वतः बांधली, फटसुद्धा ठेवली नाही. सायलेन्सर खालून फुटलेला होता, त्यांना माहीत नव्हतं. वाटेत मागून पत्र्यावर ठोकल्याचा आवाज आला. पोरं खेळत असतील, असं वाटलं. मग आवाज थांबला. "म्या म्हनलं, झोपली बिचारी. बरं वाटलं मला," अप्पा म्हणाले. "तसाच आनंदानं गाडी हाकत घरापातूर आलो."

उतरताना त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं. ताडपत्रीला पुढं आणि मागं वीतभर जागा उघडी ठेवायची. पोरं कुडकुडली तर वर अजून एक घोंगडी घाला, पण वारा बंद करू नका. मी हो म्हणालो, आणि त्याच आठवड्यात ती गाडी घेतली.

मार्गशीर्षात अप्पा गेले. एकट्याच्या खोलीत, घोंगडीत, झोपेतच. मी मातीला गेलो होतो. शेजारची बाई सांगत होती, पहाटे म्हातारा भिंतीवर ठोकत होता. मग थांबला. तिला वाटलं, लागला डोळा. मला तिथं उभं राहवेना.

त्यानंतर दोन-तीन दिवसांत आमच्या पिकअपमध्ये तो आवाज सुरू झाला. गाडी चालू लागली की मागून, नेमका माझ्या कानाच्या उंचीवर, ठक, ठक, ठक. हौदा रिकामा असला तरी. मिस्त्रीनं खाली घुसून बघितलं आणि सायलेन्सरची पट्टी सैल झालीय, ती आपटते, म्हणाला. पट्टी आवळली. आवाज आला तसाच. मी तो कुणाला बोललो नाही. घरात सगळे गुरुजी म्हणून मला शहाणा समजतात.

पौषात बिऱ्हाड निघालं. भाऊ मेंढरं घेऊन पुढं गेलेला. पोरींना केबिनमध्ये बसा म्हटलं तर कोकरांना सोडायला तयार नाहीत, म्हणून सगळी मागं. पहाटेचा गारठा असा की बोटं वाकत नव्हती. चिंगी दोनदा खोकली. तो खोकला ऐकला आणि माझ्या डोळ्यांसमोर दवाखान्याची खाट आली. एवढ्या घाटापुरतं, असं म्हणून मी दोन्हीकडच्या फटी आवळून बांधल्या. माझ्या हातानं. कबूल केलेलं आठवत होतं, तरीही.

वडवणी मागं टाकली. ठकठक चालू होती. उजाडत होतं, शेतांवर धुकं होतं. मागून पोरींचं गाणं ऐकू येत होतं, मग ते बंद झालं. झोपल्या बिचाऱ्या, असं माझ्या मनात आलं. अगदी हेच शब्द. आणि त्याच क्षणी ठकठक थांबली.

गाडी कशी उभी केली, आठवत नाही. दोर विळ्यानं कापले. आतून धुराचा भपका आला. वहिनी मान टाकून बसलेली, आई हाकेला ओ देईना, चिंगी कोकराला धरून निपचित. एकेकीला ओढून बांधावर टाकलं. थोरली पोरगी पहिल्यांदा ओकली. मग आई, मग वहिनी. चिंगीनं डोळे उघडायला किती वेळ घेतला, ते मला विचारू नका. तिनं डोळे उघडले आणि आधी कोकरू मागितलं. मी तिथंच मातीत बसून पोरासारखा रडलो.

मिस्त्रीनं नंतर समजावलं. पट्टी तुटली म्हणून आपटायची थांबली, पाइप सुटला, म्हणून धूर आत गेला. सरळ हिशेब आहे, गुरुजी. त्यानं सायलेन्सर नवा टाकला, पट्टी नवी, बोल्ट नवे. आता आवाज यायचा नाही, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ताडपत्री बांधली. पुढं वीतभर, मागं वीतभर उघडी. गाडी चालू केली आणि वस्तीबाहेर काढली. मागून आवाज आला. ठक, ठक, ठक.

"होय अप्पा, ऐकतोय," मी म्हणालो, आणि गाडी हळू चालवत राहिलो.