सातमाश्यांचा लाल दोरा

सोलापूरच्या त्या प्रसूतिगृहात डॉक्टरीणबाईपेक्षा बाळंतिणी तिथं आयाचं काम करणाऱ्या चंद्रव्वाला जास्त भीत. सातमाशी पोराच्या पायाला लाल दोरा बांधायचं काम तिचं. दोरा बांधला की पोर अंधाऱ्या खोलीत जायचं. तिथं डॉक्टरीणबाई टाळूला बॅटरी लावून बघायची. डोकं कंदिलावानी उजळलं की आत पाणी, मग ते काढायला टाळूत सुई. पुऱ्या दिवसांच्या पोरांना हा खटाटोप नव्हता.

चंद्रव्वाची लेक निंगव्वा खरोखरच सातव्या महिन्यात बाळंत झालेली, सासरी. तिथल्या शेजारच्या पार्वतम्मानं लग्नापासनं बोटांवर महिने मोजले आन् गल्लीभर केलं, "कसलं सातमाशी! लग्नाआधीचं हाय की ते." सासरा पेटला. पुऱ्या दिवसांच्या पोराला डॉक्टर कशाला, म्हणून त्यानं दवाखान्याची पायरी चढू दिली न्हाय. पोराचं डोकं फुगत गेलं. पोर गेलं, आणि निंगव्वा माहेरी येऊन विड्या वळत कोपऱ्यात बसली ती बसलीच.

आज तीच पार्वतम्मा नात घेऊन समोर उभी. तिच्या लेकीच्या लग्नाला जेमतेम सात महिने, आणि नात कशी? गोबऱ्या गालांची, मांड्यांना वळ्या.

"सातमाशी हाय," पार्वतम्मा पुटपुटली.

"दिसतंयच की." चंद्रव्वानं दोऱ्याची गाठ आवळली. "चला अंधाऱ्या खोलीत."

"कशाला गं? धडधाकट हाय पोरगी."

"सातमाश्यांचा नेम हाय. बाईंना शंका आली तर सुई. हितं." तिनं टाळूवर अलगद बोट टेकवलं.

पार्वतम्मानं नात छातीशी ओढली. "पाया पडते, चंद्रव्वा. सोड दोरा."

"सोडते. पुऱ्या दिवसांची हाय म्हण."

"...हाय."

"कुणाला ऐकू गेलं? मोठ्यानं बोल. गल्लीत बोलली हुतीस तसं."

"पुऱ्या दिवसांची हाय!" पार्वतम्मा ओरडली आणि तिथंच हुंदके देत बसली. सगळ्या खाटांवरच्या माना वळल्या. खाटेवर निजलेल्या तिच्या लेकीनं तोंडावर पदर ओढला. चंद्रव्वानं दोरा कापला आणि पार्वतम्माच्या ओटीत टाकला.

संध्याकाळी घरी हे ऐकताना निंगव्वाच्या हातातली विडी थांबली.

"मोठ्यानं बोलली?"

"पार दारापातुर."

"रडली?"

"लई."

"आन् तिची लेक?"

चंद्रव्वा चुलीकडं वळली. "ती बी."

निंगव्वानं तंबाखूचं सूप बाजूला सारलं, पाय सैल सोडले.

"अव्वा, परत सांग की. पहिल्यापासनं."