बोट सरकलं की पुसलं जातं

ऑफिसात त्याला सगळे चौकटमास्तर म्हणत. अ‍ॅपमध्ये जिथे आपण नाव-पत्ता लिहितो, त्या चौकटी बनवण्यात त्याची अकरा वर्षं गेली होती. चौकटीला बोट लागलं की कीबोर्ड वर यावा, लिहायची जागा त्याच्याखाली दडू नये, बोट दुसरीकडे गेलं तरी लिहिलेलं टिकावं, एवढंच काम. नीट झालं तर कुणाच्या लक्षातही येत नसे.

दवाखान्याचं अ‍ॅप आलं तेव्हा साहेब म्हणाले, "चौकटीतून बोट बाहेर गेलं की मजकूर लगेच तपासायचा. अर्धवट असला तर पुसून टाकायचा. लोकांना नीट भरायची सवय लागली पाहिजे."

"साहेब, हात थरथरणाऱ्यांचं बोट चुकून बाजूला लागतं. त्यांचं सगळं जाईल."

"अशांना घरचं कुणीतरी भरून देतंच की."

घरी दोन मुलं शिकत होती. साहेबांनी सांगितलं तसं मास्तरने करून दिलं.

महिन्याभराने तो मोठ्या बहिणीकडे गेला. ताईचा जन्म शिवणकामात गेलेला. आता तिची बोटं थरथरायची. खिडकीशी बसून ती फोनवर 'त्रास काय होतो' या चौकटीत लिहीत होती. दीड ओळ झाली, अंगठा घसरला, चौकट कोरी. तिने पुन्हा सुरुवात केली. पुन्हा कोरी.

"सकाळपासून चाललंय," ती ओशाळून हसली. "माझीच बोटं मेली कामातून गेलीत. तू असलंच काम करतोस ना? लोकांना कसं रे जमतं?"

त्याने तिचं सगळं भरून दिलं. हे आपणच बनवलंय, एवढं मात्र तोंडातून निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने कुणाला न विचारता ते पुसणं बंद केलं. संध्याकाळच्या आत साहेबांनी ते पुन्हा सुरू केलं आणि त्याला जुन्या अ‍ॅपच्या डागडुजीला बसवलं. सहा महिन्यांनी दवाखान्यातूनच तक्रारींचा ढीग आला, तेव्हा साहेबांनी स्वतः ते काढलं. बैठकीत त्यांची पाठ थोपटली गेली. वयस्कर माणसांचा किती विचार करतात, असं कुणीसं म्हणालं. मास्तरनेही टाळ्या वाजवल्या.

मग त्याने ताईला फोन केला. "आता नीट झालंय. लिहिलेलं जात नाही."

"नको रे बाबा. मी रांगेतच उभी राहते. तीन तास जातात, पण तिथे माझं काही चुकत नाही."

तुझं कधीच चुकलं नव्हतं, हे सांगायला त्याने तोंड उघडलं. तोवर ती भाच्यांची चौकशी करायला लागली होती, आणि तो त्यांच्या परीक्षांबद्दल सांगत राहिला.