जनाबियातली स्पॅनिश फॉरवर्ड

निलगिरीच्या तेलाचा वास आला, की मला बहरीनमधल्या जनाबियातलं ते वाळूचं मैदान दिसतं. नव्वदच्या दशकात आम्ही वसईहून तिकडे गेलो, मम्मी तिथे हाडांच्या वॉर्डात नर्स होती. शेजारच्या व्हिलात एक स्पॅनिश बाई राहायची. मायदेशी ती फुटबॉलमध्ये फॉरवर्ड होती. नवऱ्याच्या नोकरीपायी खेळ सोडून तिकडे आलेली. त्या वर्षी मात्र तिच्या जुन्या क्लबने तिला परत बोलावलं होतं, म्हणून संध्याकाळी आम्हा मुलींना समोर उभं करून ती सराव करायची. त्या दिवशी हवा इतकी दमट होती, की वाळू अंगाला चिकटत होती. मला चकवून ती झटकन वळली आणि सुकी फांदी मोडावी तसा आवाज आला. ती गुडघा धरून खाली बसली, पण ओरडली नाही. कुणीतरी घरून निलगिरीच्या तेलाची बाटली आणली, ती वाळूत सांडलीही. मम्मी धावत आली, गुडघ्याला हात लावून म्हणाली, "ऑपरेशन झालं की चालाल, इंशाल्ला." बाईने विचारलं, "आणि खेळेन?" मम्मी म्हणाली, "ते डॉक्टर सांगतील." "तुम्ही रोज असे गुडघे बघता, तुम्हीच सांगा." मम्मीने तिचा हात हातात घेतला. बाईच हळू म्हणाली, "खलास." पुढे कुबड्या सुटल्या, तरी ती मैदानाकडे फिरकली नाही. आता माझी मुलगी फॉरवर्ड खेळते. तिने गोल केला की सगळे उठून टाळ्या वाजवतात, आणि मी तिच्या गुडघ्यांकडे बघत बसलेली असते.