रोरीचा स्वेटर

कॅलम गिलख्रिस्टचा मुलगा रोरी मातावरा नदीत बुडाला, आणि त्याच्या दफनाच्या दिवशी कॅलमला स्वतःचे हात परके वाटू लागले. शेजारच्या घरातला टीव्ही खिडकीतून दिसावा तसं सगळं जग दिसायला लागलं. हे दोन दिवसांत जाईल असं त्याला वाटलं होतं. तीन वर्षं झाली.

बाहेरून काही कळत नव्हतं. मेंढ्या वेळेवर कातरल्या जात होत्या, कुंपणाच्या तारा ताणलेल्या होत्या. आमच्या साउथलंडमध्ये बाप्यानं तोंड मिटून कामाला लागावं ह्याचंच कौतुक. बाजारात शेजारचा जुना मेंढपाळ जॉक त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला होता, "खंबीर आहेस बाबा तू." खंबीर कसला! कुंपणाचा खांबसुद्धा खंबीरच असतो.

खरं काय ते फक्त त्याच्या बायकोला, रोनाला माहीत होतं. कारण एकदा जेवताना तो सरळ बोलून गेला, "तू रोना आहेस हे कळतं गं मला. पण तू माझी कोणी आहेस असं वाटत नाही. टेसचंही तसंच." टेस म्हणजे त्यांची दहा वर्षांची मुलगी. रोनानं ताटं उचलली आणि दुसऱ्या दिवशी ड्यूनेडिन शहरातल्या डॉक्टरणीची वेळ घेतली.

डॉक्टरीण समजूतदार होती. मेंदूच्या फोटोत काही सापडलं नव्हतं. ती म्हणाली, "कॅलम, तुम्हाला वेड लागलेलं नाही. माणूस ओळखणं हे मेंदूचं एक काम, आणि तो आपला वाटणं हे दुसरं. सोसवणार नाही असा घाव बसला, की मेंदूचा पुढचा भाग भावनेच्या जागा दाबून धरतो, असं आम्हाला वाटतं. तुमच्या बाबतीत ती पकड सुटलीच नाही."

"कधी सुटेल?"

"काहींची सुटते." तिनं मेंदूचे फोटो पाकिटात घातले. "खात्रीचं औषध नाही. बोलून थोडा फरक पडतो कधीकधी."

परत येताना गाडी रोना चालवत होती. ती म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं जे होतं तेच आहे. आता फक्त का ते कळलं."

सप्टेंबरात, म्हणजे इकडच्या वसंतात, मेंढ्या व्यायला लागल्या. एका मेंढीचं कोकरू मेलेलं निघालं, आणि शेडमध्ये एक पोरकं कोकरू होतंच. कॅलमनं मेलेल्या कोकराचं कातडं सोलून, पायांना भोकं ठेवून, ते पोरक्याच्या अंगावर चढवलं. मेंढीनं शेपटीशी नाक नेलं, हुंगलं, आपल्याच कोकराचा वास आला, आणि त्याला पिऊ दिलं. टेस फाटकावर बसून बघत होती.

"दिसतंय, ओरडतंय, तरी वासाशिवाय तिला ते आपलं वाटत नाही," कॅलम म्हणाला. डॉक्टरणीचं बोलणं त्याला इतकं स्वच्छ पहिल्यांदाच समजलं होतं, आणि त्या भरात तो पुढे बोलून गेला, "माझ्या डोक्याचंही तसंच झालंय."

"म्हणजे तुला माझा वास येत नाही?"

'येतो की' म्हणून हसून सोडायचं होतं. पण खोटं बोलायलाही आतून काहीतरी दुखावं लागतं. "तसंच काहीसं, पोरी," तो म्हणाला.

रविवारी दुपारी तो स्वयंपाकघरात बूट काढत असताना टेस समोर येऊन उभी राहिली. तिच्या अंगात रोरीचा निळा स्वेटर होता. रोनानं तो न धुता कपाटात, पिशवीत बांधून ठेवलेला. बाह्या तिच्या बोटांवरून खाली लोंबत होत्या.

"घे वास," ती म्हणाली.

कॅलमनं तिला जवळ ओढलं. ओली लोकर, ट्रॅक्टरचं तेल, आणि त्याखाली रोरी. वास कुणाचा ते त्याला नेमकं कळलं, आणि त्यापुढे काही झालं नाही. आपलीच दाढी तिच्या केसांवर टेकलेली त्याला लांबून बघावी तशी दिसत होती. त्यानं वाट पाहिली. मग म्हणाला, "आला गं, आला वास."

टेसनं मान मागे करून त्याच्या तोंडाकडे पाहिलं. चालायला लागल्यापासून ती शेडमध्ये वाढलेली. कोणती मेंढी कोकरू घेणार आणि कोणती नाही, हे तिला जॉकच्या आधी कळतं. तिनं स्वेटर डोक्यावरून काढला आणि नीट घडी घातली.

"काही मेंढ्या घेतच नाहीत, नाही का डॅड?"

"नाही घेत काही."

"राहू दे. बाटलीवरची कोकरं पण वाढतात," ती म्हणाली, आणि रोनाला कळायच्या आत स्वेटर कपाटात ठेवायला गेली.

आपण आता रडायला हवं, हे कॅलमला समजत होतं. तो तसाच, एक बूट हातात धरून, थोडा वेळ बसला. मग बूट पुन्हा पायात घातला आणि शेडकडे निघाला, कारण बाटलीवरच्या कोकरांना दूध पाजायची वेळ झाली होती.