पंखा फिरेपर्यंत

रविवार, १८ जानेवारी, कोल्हार. निघताना हजर: नाना, म्हणजे माझे वडील, ओट्यावर, कानावरून मफलर घेऊन; बापू, धाकटा भाऊ, मला मुंबईच्या विमानतळावर सोडायला निघालेला; सुनीता वहिनी, त्याची बायको, हातात दशम्यांची पुरचुंडी; शेजारच्या कासाबाई, ज्या माझं प्रत्येक निघणं बघायला येतात. आई नाही, तिला जाऊन बरीच वर्षं झाली. समोरच्या शेडच्या उघड्या दारातून माझी गाडी अर्धी दिसत होती. तिला हजर धरायचं की नाही, हे मला ठरवता आलं नाही.

"आता कवा?" कासाबाईंनी विचारलं. त्या हे दर वेळी विचारतात आणि मी दर वेळी एखादा महिना सांगते. या वेळी नुसतं "बघू" म्हणाले.

नाना ओट्यावरूनच म्हणाले, "तिला कशाला इचारती? गाडी हाय तवर येनारच ती. मानसांसाठी कोन येतं एवढ्या लांब!"

सगळे हसले. मीही हसले. बापू हसला नाही. त्याने डिकी जरा जोरात लावली.

ज्यांनी घर सोडलं त्यांना निघतानाचं हे हसणं माहीत असेल. जे मागे राहिले त्यांना ते जास्त माहीत असेल, कारण ते हसून झाल्यावर पुन्हा आत जातात आणि पसरलेलं आवरतात.

पहिल्यांदा मी घर सोडलं ते जपानसाठी. नगरच्या एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्याने तपासणी विभागातल्या तिघांना हामामात्सुला पाठवलं, त्यात मी एकटी मुलगी. नगरच्या स्टँडवर आईने एवढंच सांगितलं, "भूक लागली तर लाजू नको. मागून खा." नाना म्हणाले, "मशिनीत हात घालू नको." दोघांच्या मनात काय होतं ते या दोन वाक्यांत कुठेच नव्हतं.

तिथे मी ज्यांच्या वरच्या मजल्यावर राहत होते त्या म्हाताऱ्या घरमालकांची ही गाडी. दोन सीटची, पांढरी, कापडी टपाची, जमिनीला चिकटलेली. दिवे लावले की बॉनेटमधून दोन डोळे वर येतात, बंद केले की मिटतात. रविवारी ते तिची निगा राखायचे आणि मी बघत उभी राहायची. हळूहळू हातात पाना आला. गुडघे साथ देईनात तेव्हा त्यांनी ती मला विकली. परतताना मी ती घेऊन आले. तेव्हा परदेशातून कायमचं परतणाऱ्याला स्वतःची वापरलेली गाडी आणता यायची. कायमची परतले आहे, असं मी कागदावर लिहून दिलं होतं. तेव्हा ते खरं होतं.

कोल्हारात ती आली त्या दिवशी बापूने तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"ताई, दोनच शिटा?"

"दोनच."

"मग बाकीच्यांनी काय बेडकाच्या पाठीवर बसायचं?"

तेव्हापासून ती बेडूक. आईने चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटला हळदकुंकू लावलं आणि म्हणाली, "एवढ्या लांबून आनली अन् घर मावंना तिच्यात." पहिल्या फेरीला नाना बसले. भगवतीच्या देवळापर्यंत जाऊन येईस्तोवर एका हाताने टोपी धरलेली, दुसऱ्याने दार. उतरल्यावर म्हणाले, "ट्रॅक्टरवरून रान दिसतं. हिच्यातून नुसती मानसांची पायताणं दिसत्यात."

पुढची काही वर्षं ती मी नगर जिल्ह्यात चालवली. अशी गाडी इकडे पाळणं म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. गतिरोधक सरळ घ्यायचा नाही, तिरका घ्यायचा, एकेक चाक चढवत. उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे कधी राहायचं नाही, कारण ट्रॉलीवाल्याला आपण दिसतच नाही. ऊसतोड झाली की रानातले उंदीर घरांकडे येतात आणि त्यांना वायरीचं आवरण फार आवडतं. रबरी सील, पंप, क्लचची केबल, यातलं काहीही नगरला मिळत नाही; हामामात्सुहून कोणी येणार असेल तर त्याच्या बॅगेत चॉकलेटांसोबत मागवायचं. मग ती व्यक्ती वर्षभर सगळ्यांना सांगते की हिने माझ्याकडून लोखंड वाहून घेतलं. एक गोष्ट मात्र चांगली. आपल्याकडची हवा कोरडी. जपानात अशा गाड्यांचे पत्रे दहा-बारा वर्षांत खालून कुरतडले जातात. आपल्याकडे नुसती धूळ बसते आणि धूळ पुसता येते.

दुसऱ्यांदा घर सोडलं ते लग्नानंतर, न्यूझीलंडसाठी. नवऱ्याला हॅमिल्टनमध्ये काम मिळालं. सगळ्यांना आणि स्वतःलाही मी दोनच वर्षं सांगितली होती. दोन वर्षांसाठी गाडी कोण विकतं? शेडच्या भिंतीवर मी एक कागद लावला: आठवड्यातून एकदा लोणी गावापर्यंत नेऊन आणणे, चाकातली हवा, बॅटरी, उंदरांसाठी जाळी. बापूने हे काही वर्षं मनापासून केलं. पुढे त्याची कंबर धरली, मग त्याने स्वतःची मोठी गाडी घेतली, मग गायी वाढवल्या. दोन वर्षांची किती झाली हे मोजणं मी सोडून दिलं. मुलगी तिथेच जन्मली, शिकली, आता कमावते. तिथे मी दुधाच्या पावडरीच्या कारखान्यात तपासणीचंच काम करते. कोल्हारच्या डेअरीवर दूध घालणाऱ्याची पोरगी जगाच्या दुसऱ्या टोकाला जाऊनही दुधाचंच बघते, याची बापूला फार गंमत वाटते.

आई गेल्यानंतर गाडी नानांनी हातात घेतली. त्यांना ती चालवता येत नाही. चावी फिरवायला ते सुनीता वहिनीकडून शिकले. तेव्हापासून रोज सकाळी चहा झाला की ते शेडचं दार उघडतात, गाडी सुरू करतात आणि मला फोन लावतात. माझ्याकडे तेव्हा दुपार असते, चहाची सुट्टी. मी कारखान्याच्या पार्किंगमध्ये येऊन उभी राहते. ते फोन बॉनेटजवळ धरतात.

"ऐक. वाजती ना?"

"वाजते, नाना."

"मंग ठीक. ठेवू?"

एवढाच फोन. वर्षानुवर्षं एवढाच. आमच्यात तेवढ्याने भागत होतं.

या वेळी मी आले ती गाडीच्या नोंदणीसाठी. मुदत मार्चमध्ये संपते आणि नूतनीकरणाला गाडी नगरला चालवत नेऊन दाखवावी लागते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जुने कपडे घालून शेडमध्ये गेले. पत्रा स्वच्छ, कापडी टप नीट, आतला वास तोच. मग ऑइलचं झाकण उघडलं. झाकणाला आतून ताकावरच्या लोण्यासारखा पांढरट थर. ऑइलला पेट्रोलचा वास. खाली वाकून सायलेन्सरला स्क्रूड्रायव्हर टेकवला तर तो आरपार गेला आणि आतून तांबडं पाणी गळलं. इंजिनचा दाब मोजला. चार सिलिंडरपैकी दोनमध्ये दाब धड राहत नव्हता.

नाना दारात स्टूल टाकून बसले होते.

"नाना, रोज किती वेळ चालू ठेवता?"

"तुला आवाज ऐकिवला की बंद. उगं कशाला झिजवायची? तुझी वस्तू हाय."

मी पुन्हा गाडीखाली गेले. इंजिन थंड असताना सुरू केलं की आत पाणी धरतं. ते चांगलं तापलं तरच पाणी वाफ होऊन निघून जातं. न तापताच बंद केलं तर तिथेच राहतं. आज केलं, उद्या केलं, रोज केलं, तर आतून गंज चढतो. कोरड्या हवेतली, एक ओरखडा नसलेली गाडी आतून कुजली होती, आणि ती कोणी कुजवली हे फक्त मला कळलं होतं. आठवड्यातून एकदा लांब फिरवण्याऐवजी त्यांनी रोज थोडी सुरू केली. त्यांच्या हिशोबात ते जास्त जपणं होतं.

संध्याकाळी नाना देवळात गेल्यावर बापू शेडमध्ये आला. भिंतीला टेकून उभा राहिला.

"नीट होती का?"

"इंजिन उतरवायला लागेल. पार्ट जपानहून. वर्ष जाईल."

"ताई, एक इचारू? खरं सांग. तू माघारी येनार हायेस का?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी सरळ विचारला नव्हता. मी हात पुसले.

"नाही, बापू."

तो चिडला नाही. उलट त्याचे खांदे जरा खाली आले. "मंग मला शेड दे. गायींच्या चाऱ्याच्या, मुरघासाच्या बॅगा उन्हात पडल्यात, फुटाया लागल्यात. पुन्याचा एक गडी गाडी इकत घ्यायला दोनदा बघून गेला. हाय तशी नेतो म्हनतो."

"आणि नाना?"

"ते तू सांगायचं. मी सांगितलं तर म्हनतील, बापूनं बहिनीचा पाय तोडला घरातून."

"सांगते. निघायच्या आत सांगते."

मुक्कामाच्या उरलेल्या आठवड्यांत मी बरंच केलं. ऑइल बदललं, प्लग बदलले, बॅटरी नवी टाकली, सायलेन्सरला नगरहून पट्टी मारून आणली. नानांचे डोळे तपासून आणले. त्यांना दुपारी झोपताना बघितलं, संध्याकाळी त्यांच्यासोबत कालव्यापर्यंत चालले. सांगण्याजोग्या वेळा पुष्कळ आल्या. दर वेळी त्यांनीच आधी काहीतरी विचारलं: हे कशाचं बूच, त्या तारा कुठं जातात, आता किती वर्षं जाईल ही. नोंदणीला गाडी नेलीच नाही. "पुढच्या वेळी" असं मी म्हणाले, आणि त्यांनी मान डोलावली. पुढची वेळ आहे, एवढंच त्यांनी त्यातून घेतलं.

परतून आता काही दिवस झाले. थकवा विमानाचा असता तर उतरला असता. तिकडे असले की इकडची कामं राहतात आणि इकडे आले की तिकडची. मी दोन्हीकडची टिपणं ठेवते, कारण दुसरं काही मला जमत नाही. घर म्हणजे काय, असं मुलीने परवा विचारलं. तिला शाळेतल्यासारखं एका वाक्यात उत्तर हवं होतं. मी म्हटलं, जिथे आपल्या नावाने कोणीतरी सकाळी एक दार उघडतं. ती म्हणाली, मग ते कोल्हार झालं. मी म्हटलं, हो, आणि मी तिथे राहणार नाही.

काल दुपारी फोन आला. इंजिनचा आवाज. एक सिलिंडर चुकतोय, ते फोनवरही कळत होतं.

"वाजती ना?"

"वाजते. नाना, बंद करू नका. दार सताड उघडं ठेवा, बाहेर स्टुलावर बसा. इंजिन तापलं की बॉनेटखालचा पुढचा पंखा आपोआप फिरायला लागतो, तोवर चालू द्या. रोज तसंच करा."

"का गं?"

"थंडीचे दिवस आहेत. तापली पाहिजे."

"अन् तवर मी काय करू?"

"बोला."

त्यांनी कांदा कुठवर आला ते सांगितलं. कासाबाईंचा गुडघा. वासराला जुलाब. मग संपलं. मी पार्किंगमध्ये फेऱ्या मारत होते, इंजिन चालूच होतं.

"तुझी आई बसायची हिच्यात," ते अचानक म्हणाले. "तू गेल्यावर. दुपारचं. मला म्हनायची, बाकीच्या गाड्यांत टांगल्यावानी वाटतं, हिच्यात भुईवर बसल्यावानी वाटतं. शेंगा निवडायची हितं."

"मला कधी सांगितलं नाहीत."

"तू कधी एवढा येळ थांबलीस?"

मग मागे घर्र असा आवाज आला.

"फिरला बग पंखा! करू बंद?"

"करा," मी म्हणाले. चहाची सुट्टी केव्हाच संपली होती. आत जाताना फोन पुन्हा वाजला. बापूचा मेसेज होता: पुण्याचा गडी रविवारी येतोय, नानांना सांगितलंस का?

उत्तर अजून दिलेलं नाही.